इग्गी मुल्वी आणि चाळीस मीटरची कमान

इग्गी मुल्वीचा उजवा हात आयर्लंडमधल्या सगळ्या लीट्रिम काउंटीच्या ओळखीचा. सोमवार ते शनिवार तो खांद्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या गाईत असतो. रविवारी तोच हात मैदानावर वर-खाली होत असतो. इग्गी पोटासाठी वळूच्या बीजाची कांडी घालून गाई भरवतो आणि हौसेसाठी गेलिक फुटबॉलचा रेफरी आहे. रविवारी दोन्ही बाजूंची माणसं त्याचा जन्म, त्याचे डोळे आणि त्याची आई काढतात. सोमवारी सकाळी त्यातल्याच एखाद्याचा फोन येतो, की लाल गाय माजावर आलीय, दुपारच्या आत ये. इग्गी जातो. त्याला राग येत नाही असं नाही. पण गाईचा माज कुणाच्या रागासाठी थांबत नाही.

मी ओनी गकियन. त्याचा शेजारी. रस्त्याच्या कामावरून रिटायर झालो तेव्हापासून कोरामोरचं आमच्या गावचं मैदान माझ्याकडं आहे. गवत कापायचं, जाळी शिवायची, चुन्याच्या रेघा मारायच्या. आमच्याकडं रेफरीनं गोलपाशी उभे राहणारे चार अंपायर आपले आपणच आणायचे असतात. परक्या माणसावर भरवसा कोण ठेवणार? म्हणून इग्गीचे चौघे म्हणजे मी, त्याची बायको मोना, मोनाचा भाऊ आणि खालच्या वाडीचा एक सुतार. चौघांना पांढरे डगले. ते बंद पडलेल्या एका दूध डेअरीतून आणलेले, त्यामुळं माझ्या छातीवर अजून एका गाईचं चित्र आहे.

सत्तावीस वर्षं तो शिट्टी वाजवतोय. एवढ्या वर्षांत त्याला काउंटीची फायनल कधी मिळाली नव्हती. खालच्या गटाचीसुद्धा नाही. कुणी म्हणायचं तो हळू पळतो, कुणी म्हणायचं फार बोलतो. मोना म्हणायची, तुम्ही फार विचार करता, शिट्टी वाजवायची असते तेव्हा तुमच्या तोंडावर प्रश्न दिसतो.

त्यात नवे नियम आले.

आधी कसं सोपं होतं. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर तीन. आमच्या आज्यालाही कळायचं. आता मैदानात गोलपासून चाळीस मीटरवर एक कमान आखायची. कमानीच्या बाहेरून मारून दांडीवरून घातला तर दोन गुण, त्याचा नारिंगी झेंडा वेगळा. आतून मारला तर पूर्वीसारखा एकच, पांढरा झेंडा. शिवाय तीन गडी कायम आपल्या अर्ध्या भागात थांबले पाहिजेत. फाऊल झाला तर चेंडू मुकाट्यानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा, भिरकावला तर फ्री किक पन्नास मीटर पुढं. रेफरीशी फक्त कॅप्टननं बोलायचं.

हा शेवटचा नियम इग्गीला आवडेल असं मला वाटलं होतं. नाही आवडला. म्हणाला, पूर्वी पंधरा जण शिव्या द्यायचे तेव्हा निदान कळायचं तरी, की आपलं कुठं चुकलं. आता सगळे गप्प बसून नुसते बघत असतात. माणसाला घाम फुटतो.

नियमांचं पुस्तक त्यानं गाडीत काचेपाशी ठेवलं होतं, वळूंच्या कॅटलॉगशेजारी. गाय बांधून होईपर्यंत तो पानं चाळायचा. एकदा घाईत त्यानं एका शेतकऱ्याला विचारलं, तुला दोनाचा पाहिजे का एकाचा? तो माणूस बराच वेळ आपल्या गाईकडं बघत राहिला.

मॅनेजर लोकांबद्दल त्याची मतं पक्की होती, निदान तोपर्यंत. त्याच्या मते पूर्वीचा मॅनेजर म्हणजे गावातलाच एखादा मास्तर नाही तर खाटीक. पोरं कुणाची, कुणाच्या घरी भांडण चाललंय, कुणाला आज उशिरा का झाला हे त्याला ठाऊक. आता गावोगाव बाहेरचा मॅनेजर आणतात, तो येताना प्लास्टिकचे सुळके, रंगीत दोऱ्या आणि संगणकाची पाटी घेऊन येतो. पोरांच्या पाठीवर यंत्र बांधतो. कोण किती पळाला हे त्याला कळतं. पण कुठं पळाला आणि कशाला, ते पोरालाही ठाऊक नसतं. डाव्या पायानं चेंडू मारायला मात्र कुणी शिकवत नाही. एवढं बोलून इग्गी थांबायचा आणि म्हणायचा, की शिकवत असतीलही? मलाच कळत न्हाई बहुतेक.

तर या वर्षी ऑक्टोबरात त्याला खालच्या गटाची फायनल मिळाली. किलव्हीन विरुद्ध ड्रमगोल. दोघांना परकं मैदान हवं म्हणून सामना आमच्या कोरामोरला. पत्र आलं तेव्हा इग्गीनं ते मोनाला वाचायला दिलं आणि विचारलं, यात माझंच नाव आहे ना बघ.

आता माझ्या रेघेबद्दल सांगायला हवं. वसंतात काउंटीच्या खेळाच्या बोर्डाकडून कमानीचं चित्र आलं होतं. गोलच्या मधोमध खुंटी, तिथून चाळीस मीटर, गोल फिरायचं. मी गवताचे गठ्ठे बांधायची निळी दोरी घेतली, घरामागच्या वाटेवर टेपनं चाळीस मीटर मोजून गाठ मारली, आणि चुन्याचं यंत्र ढकलत ती दोरी ओढत फिरलो. ही दोरी ताणते. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, मलाही आहे. त्या दिवशी लक्षात आलं नाही एवढंच. शिवाय आमच्या मैदानाच्या डाव्या बाजूला एक टेंगूळ आहे, त्यावर चढताना दोरी कमी पडल्यासारखी वाटली म्हणून मी जरा सैल धरली. नंतर मोसमभर त्याच रेघेवर चुना मारत राहिलो.

सामना चांगला झाला. किलव्हीनचा मॅनेजर डेक्लन प्रायर म्हणजे वर सांगितलेल्या पाटीवाल्यांचा मुकुटमणी. पण त्याची पोरं चांगली खेळली, हे मान्य करायला हवं. शेवटच्या मिनिटाला किलव्हीनचे चौदा आणि ड्रमगोलचे तेरा. ड्रमगोलचा एन्डा गॅलोग्ली, उंच, हाडकुळा, टपालखात्यातला, डावीकडं त्या टेंगळापाशी चेंडू घेऊन वळला. त्याच्या अंगाला किलव्हीनचा एक आडदांड गडी चिकटलेला. एन्डानं मारला. इग्गीनं दोन बोटं वर केली, म्हणजे कमानीच्या बाहेरून. मी मान वर करून उभा होतो. चेंडू माझ्या खांबाच्या हातभर आतून दांडीवरून गेला. मी नारिंगी झेंडा उचलून हलवला. पंधरा-चौदा. इग्गीनं शिट्टी वाजवली आणि संपलं. पांढरा झेंडा असता तर बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागला असता.

ड्रमगोलवाले मैदानात घुसले. किलव्हीनवाले जागेवर उभे राहिले. कुणी शिवी दिली नाही. इग्गी माझ्याकडं आला, हातातली वही मिटली आणि म्हणाला, "ओनी, सगळे गप का हाईत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला. किलव्हीनच्या नोरा प्रायरची काळी गाय माजावर आली होती. नोरा म्हणजे डेक्लनची आई. इग्गी मला म्हणाला, चल सोबत, फाटक उघडायला कुणी तरी पाहिजे. फाटक उघडायला त्याला कधी कुणी लागलं नव्हतं.

नोरा अंगणातच उभी होती, ऐंशीच्या घरातली, गमबूट, नवऱ्याचा जुना कोट. दार दाखवलं, गाय दाखवली, वळू कुठला हवा ते सांगितलं. कालचा विषय काढला नाही. इग्गीनं गाडीतल्या गार टाकीतून बीजाची कांडी काढून गरम पाण्यात धरली, हातमोजा खांद्यापर्यंत चढवला, आणि हात आत घातला. तेवढ्याची ती वाट बघत होती.

"आज हात योग्य जागी हाय," ती म्हणाली. "काल उगाच वर काढलास."

इग्गी बोलण्याच्या अवस्थेत नव्हता.

"न्हाई, माझं म्हणणं काय न्हाई. माणसाचा हात हाय, जातो वर. फकस्त माझ्या पोरानं रात्रभर डोळ्याला डोळा लावला न्हाई. त्या पाटीवर तोच एक पाय बघतोय. म्हणतोय, रेघेच्या भाईर हाय पण चाळीसाच्या आत हाय. मी म्हटलं, बाबा, हे दोन्ही एकाच वक्ताला कसं व्हईल? तुला ठाव हाय का इग्गी, कसं व्हईल?"

इग्गीनं हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी गाईकडं बघितलं.

तेवढ्यात डेक्लन घरातून आला. मला वाटलं आता भांडण. पण त्यानं दोघांना नमस्कार केला, चहा घेणार का विचारलं, आणि पाटी पुढं धरली. पाटीवर आमचं मैदान वरून दिसत होतं, त्याच्यावर पिवळी रेघ, तांबडा ठिपका, आकडे. गोलपासून एकोणचाळीस पूर्णांक दोन.

"मी आक्षेप घेणार नाही, मिस्टर मुल्वी," डेक्लन म्हणाला. "पोरांना मी शिकवलंय की रेफरीचा निर्णय मान्य करायचा. फक्त तुमचा अहवाल आज संध्याकाळी सहापर्यंत जायचाय. तुमच्या अहवालात जे असेल तोच निकाल. तुम्ही काय पाहिलं तेवढं लिहा. एक लिहिलंत तर सामना पुन्हा होईल. दोन लिहिलंत तर नाही. मला काहीही चालेल."

काहीही चालेल म्हणताना त्याचा अंगठा पाटीच्या कडेवर पांढरा झाला होता.

गाडीत बसल्यावर इग्गीनं चावी लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाला, "ओनी, तुझी रेघ चाळीसावर हाय का?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजी?"

मग मी दोरीचं सांगितलं. टेंगळाचंही सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, तर मग रेघ म्हणजे काय रे? तू जिथं चुना टाकलास ती, का पुस्तकात लिहिलीय ती? मी म्हटलं, मला काय विचारतोस, पुस्तक तुझ्याकडं आहे. त्यानं पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं की कमान चाळीस मीटरवर असेल. नसली तर काय, ते लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याला कोरामोर ठाऊक नसावं.

आम्ही मैदानावर गेलो. माझी टेप, गोठा बांधताना वापरलेली, पन्नास मीटरची. गोलच्या मधोमध मी शून्य धरलं, इग्गी टेप घेऊन टेंगळाकडं गेला. रेघेपाशी त्यानं ओरडून आकडा सांगितला. एकोणचाळीस तीस. मग टेप ताणून धरली तर एकोणचाळीस दहा. मग मला वाटलं, शून्य गोलच्या रेघेच्या पुढच्या कडेला धरायचं का मागच्या? मी हात सरकवला. एकोणचाळीस चाळीस. मग जागा बदलून तो शून्याला आला आणि मी टेंगळावर गेलो. एकोणचाळीस पासष्ट. उजव्या बाजूला त्याच रेघेचे चाळीस नव्वद भरले. म्हणजे माझी कमान एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर, कुणी पिळल्यासारखी. एवढं खरं, की डाव्या बाजूला ती चाळीसाच्या आतच. पण एन्डाचा पाय रेघेच्या किती बाहेर होता? हात दीड हात बाहेर असेल तर तो खऱ्या चाळीसावरही बसतो.

गवतात पायानं उचकटलेल्या खुणा होत्या. एक नाही, चार. एक रेघेवर, दोन बाहेर, एक आत. इग्गी गुडघे टेकून एकेकीचा वास घेतल्यासारखा बघत होता. त्यानं मोनाला फोन लावला. काल ती माझ्या समोरच्या खांबाशी होती. ती म्हणाली, मला काय ठाऊक, मी चेंडू बघत होते, तुम्हीच मला चेंडू बघायला सांगता.

मग त्यानं एन्डाला बोलावलं. एन्डाची टपालाची फेरी तिकडूनच जाते. हिरवी गाडी फाटकाशी लावून तो आला, काल फायनल जिंकलेल्या माणसासारखा नाही, बँकेत बोलावलेल्या माणसासारखा. इग्गीनं विचारलं, कुठून मारलास? एन्डा चारही खुणांवर उभा राहून बघत गेला. तिसरीवर थांबला आणि म्हणाला, इथून. मग दुसरीवर गेला आणि म्हणाला, का इथून असेल. त्याला एवढंच आठवत होतं की खांदा दुखत होता आणि नाकात माती गेली होती.

"खोटं सांगत न्हाई मी," तो म्हणाला. "मला वाटलं मी भाईर हाय. मग तुम्ही बोटं वर केलीत, तवा मला खात्री झाली."

इग्गी एकदम उठून उभा राहिला. त्याच्या गुडघ्यांना चिखल होता, तो त्यानं पुसला नाही. म्हणाला, "माझ्या बोटांमुळं तुला खात्री झाली?"

"व्हय."

"आणि मला तुझ्यामुळं झाली रं."

एन्डाला कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. एन्डाला टपाल वाटायचं होतं, तो गेला. मग इग्गी टेप गुंडाळता गुंडाळता सांगू लागला. त्या क्षणी त्यानं पाय बघितलाच नव्हता. त्या आडदांडाचा हात एन्डाच्या शर्टात होता, आधी दोनदा त्यानं तसंच ओढलेलं, म्हणून इग्गी तो हात बघत होता, तिसऱ्यांदा ओढतोय का ते. चेंडू सुटला तेव्हा त्यानं एन्डाच्या तोंडाकडं बघितलं. लांबून मारणाऱ्याचं तोंड जसं होतं, तसं ते झालं होतं. हात आपोआप वर गेला.

"तोंड बघून दोन दिलेस तू," मी म्हणालो.

"सत्तावीस वर्षं तसंच करत आलोय, ओनी. फाऊल काय दर वक्ती दिसतो व्हय? माणूस कसा पडतोय त्यावरनं कळतं. पण ते कळणं आणि हे बघणं एकच हाय का न्हाई, ते आता मला कळत न्हाई."

दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. मोनानं हॅमचे सँडविच आणि चहा ठेवला. संगणकावर अहवालाचा कागद उघडा. सामन्याचं ठिकाण, वेळ, पिवळी कार्डं दोन, हे सगळं भरलं. शेवटचा आकडा राहिला. त्यानं पंधरा-चौदा लिहिलं. मग पुसलं. चौदा-चौदा लिहिलं. तेही पुसलं. मोना म्हणाली, ड्रमगोलवाले काल जिंकलेला कप घेऊन सगळ्या गावभर फिरले, आता तो परत मागणार का तुम्ही? इग्गी म्हणाला, कपाचं काय नाही. डेक्लन म्हणतोय तुम्ही काय पाहिलं ते लिहा. मी काहीच पाहिलं नाही. याला रकाना कुठला?

मी म्हटलं, दोष माझ्या रेघेवर घाल, लिही की रेघ वाकडी होती. ते मी मनापासून म्हटलं. तो म्हणाला, रेघ वाकडी होती हे मला आज कळलं. काल मी जर पाय बघून हात वर केला असता तर रेघेची चूक. मी रेघही बघितली नाही. तुझी रेघ सरळ असती तरी मी हेच केलं असतं.

साडेपाचला त्यानं पंधरा-चौदा लिहिलं, कारण शिट्टी वाजली तेव्हा फळ्यावर तेच होतं आणि त्यानं दिलेलं तेच होतं. खाली 'इतर' म्हणून एक चौकट असते. त्यात त्यानं एका बोटानं टायपून लिहिलं, की शेवटच्या फटक्याच्या वेळी खेळाडूचा पाय कमानीच्या आत होता की बाहेर हे मी पाहिलेलं नाही, कमानीची डावी बाजू चाळीस मीटरपेक्षा कमी भरते, बोर्डानं योग्य ते ठरवावं. मोनानं वाचलं. एवढी वर्षं फायनलची वाट बघितलीत, आता पुढची कुणी देणार नाही, असं ती म्हणाली नाही. पण बशा धुताना तिनं नळ जोरात सोडला.

सहाला दहा मिनिटं असताना पाठवलं. साडेसहाला उत्तर आलं. इग्गीनं वाचून माझ्याकडं सरकवलं. अहवाल मिळाला, आभारी आहोत, निकाल नोंदवला. पुढच्या वेळी 'इतर' या चौकटीत फक्त जखमी खेळाडूंची माहिती भरावी.

"म्हंजी मी बरोबर होतो?" इग्गीनं विचारलं.

"तसं ते म्हणत न्हाईत."

"मग चुकलो?"

"तसंबी म्हणत न्हाईत."

त्यानं टोपी घातली. मी विचारलं कुठं, तर म्हणाला किलव्हीनला, त्या माणसाला तोंडानं सांगायला पाहिजे. डेक्लननं सांगितलं होतं, तुम्ही काय पाहिलं ते लिहा. बोर्डाला नको असेल, त्याला हवं असेल.

प्रायरांच्या दारात उजेड होता अजून. डेक्लननं दार उघडलं. निकाल त्याच्या फोनवर आधीच आला होता. इग्गीनं आत यायलाही नकार दिला. पायरीवरच उभा राहून म्हणाला, "मी पाय बघितला न्हाई. ना आत, ना भाईर. तुझ्या गड्याचा हात बघत होतो. बोर्डाला तसं लिहिलं, त्यांनी निकाल ठेवला. तुला ठाव असावं म्हणून आलो."

डेक्लनकडं सगळ्याची तयारी होती. इग्गी 'मी चुकलो' म्हणाला असता तर एक आकडा, 'बरोबर होतो' म्हणाला असता तर दुसरा. याच्यासाठी त्याच्या पाटीत काही नव्हतं. तो उंबऱ्यावर उभा राहिला. "मग उद्या सरावाला पोरं येतील, त्यांना मी काय सांगू?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मॅनेजरचा नव्हता.

आतून, चुलीपाशी बसलेल्या नोरानं उत्तर दिलं. "सांग, रेफरीनं बघितलं न्हाई. आणि तू तरी बघितलंस का रं? मी तुझ्या शेजारी हुते. त्या वक्ताला तू त्या पाटीत डोकं घालून हुतास."

डेक्लननं आईकडं बघितलं. "मी... आकडे बघत होतो."

"तेच म्हणते मी. मी माझ्या चष्म्यावरचं पाणी पुसत हुते. मग तिथं व्हतं कोण बघाया?"

इग्गी पायरीवर, डेक्लन उंबऱ्यावर, मी गाडीपाशी. दोन हजार माणसं होती मैदानावर, आणि प्रत्येकानं चेंडू बघितला. मग डेक्लन म्हणाला, बाहेर गार आहे, आत या. इग्गीनं बूट काढावेत का तसेच यावं ते त्याला ठरवता येईना. एक काढला. नोरा म्हणाली, दोन्ही काढ नाही तर एकही काढू नकोस. तेवढ्यानं त्याचा आणखी गोंधळ झाला, आणि तो एक बूट हातात, एक पायात असा आत गेला.